स्वस्त प्रेतांचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीची हद्द ओलांडून पडेगावातून मिटमिट्याकडे आणि पुढे दौलताबाद-खुलताबादेकडे जो रस्ता जातो, त्याच्या आसपास भयपटाला लागणारे बहुतेक सगळे साहित्य इतिहासानेच मांडून ठेवलेले आहे. छावणीत इंग्रजी अमदानीतली दफनभूमी आहे. दौलताबादच्या किल्ल्यात शत्रूला वाट चुकवण्यासाठी आणि धुराने गुदमरवण्यासाठी कातळातून खोदलेली, वटवाघळांनी भरलेली अंधारी आहे. आणि खुलताबादेस तर सूफी अवलियांपासून मलिक अंबरापर्यंत इतकी थोर माणसे चिरनिद्रा घेत पडली आहेत, की मेलेल्यांनी उठून चालू लागण्याची कल्पना ज्या निर्मात्याला सुचेल त्याला पात्रांची ददात पडू नये. असे असूनही या वाटेवर भीतीचा अंमल कधी बसला नाही. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारांना भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी शहरातून निघालेली माणसे पडेगावावरून रात्रभर पायी चालत जातात, त्यांत पोरेबाळे असतात, म्हाताऱ्या असतात, आणि कोणी दचकलेच तर ते मागून येणाऱ्या ट्रकच्या भोंग्याने. जर जरी जर बक्ष या सूफींच्या उरुसात कबरींच्या सावलीला बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकाने लागतात. जिथे मेलेल्यांपाशी नवस बोलायला जायचे, तिथे मेलेल्यांना भिण्याची सवय लागणे कठीण.

हिंदुस्थानात चालत्या प्रेतांच्या चित्रपटाची जी एकंदर फजिती झाली तिचे एक कारण मला येथेच दिसते. आपल्याकडील बहुसंख्य मृत देह अग्नीच्या स्वाधीन होतात, त्यामुळे पुन्हा उठून बसायला भांडवलच शिल्लक राहत नाही. आणि ज्यांचे देह पुरले जातात त्यांतले थोर लोक पीर होऊन बसतात. प्रेतात शिरून बोलणारा वेताळ आपल्या परंपरेत फार जुना, अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त त्याच्या पंचवीस कथा आहेतच, परंतु तो वेताळ राजाच्या खांद्यावर बसून न्यायनीतीचे असे बिकट प्रश्न विचारतो की भीतीपेक्षा परीक्षेचाच भास अधिक व्हावा. मुके, मंदगती आणि नरमांसलोलुप असे परदेशी प्रेत या मुलखात आणायचे म्हणजे त्याला आधी कबर, मग कफन, आणि मग एखादी ओसाड हवेली असा सगळा संसारच नव्याने थाटून द्यावा लागला. हा संसार थाटणाऱ्यांच्या हातात पैसा बेताचाच होता.

काटकसर हा मात्र आपल्या चित्रपटाचा जन्मजात धर्म होय. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधीत होत्या आणि फिल्म धुण्याच्या कामी हातभारही लावीत होत्या; तारामतीचे काम करायला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहातल्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवण्यात आले. पुढे 1917 च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तेव्हा अशोकवनात शोकमग्न बसलेल्या जानकीचे दंड थेट प्रभू रामचंद्रांच्या दंडांसारखे पीळदार दिसत होते, याबद्दल प्रेक्षकांपैकी कोणी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. त्याच ‘हरिश्चंद्रा’च्या बाह्य चित्रीकरणासाठी वांगणीला गेलेल्या नटांना, त्यांच्या हातांतल्या ढाली-तलवारी पाहून गावकऱ्यांनी दरोडेखोर ठरवले, आणि फाळक्यांना स्वतः जाऊन आपला कॅमेरा दाखवून त्यांची सोडवणूक करावी लागली. खोटे खरे वाटण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होय. पुढच्या इतिहासात उलट्या प्रकाराचीच उदाहरणे विपुल सापडतात. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती अशी की आपल्या या पहिल्या कथापटाचा शेवटही स्मशानातच होतो, आणि तेथे मेलेला राजपुत्र रोहिदास उठून बसतो. मात्र तो ईश्वरी कृपेने उठतो, कोणाला चावायला नाही, म्हणून त्याची गणना या जातीत कोणी करीत नाही.

या जातीचे खरे कुलपुरुष म्हणजे रामसे बंधू. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले, मूळचे रामसिंघानी आडनावाचे आणि रेडिओचे दुकान चालवणारे एफ. यू. रामसे चित्रपटनिर्मितीत उतरले. त्यांचे ‘रुस्तम सोहराब’ (1963) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (1970) हे चित्रपट दिग्दर्शित केले ते विश्राम बेडेकरांनी, म्हणजे ज्यांनी ‘रणांगण’ लिहून मराठी कादंबरीला नवे वळण दिले त्याच बेडेकरांनी. दुसऱ्या चित्रपटाने पैसा गमावला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा आणि चिलखत चढवून चोरी करायला जातात असा एक प्रसंग होता, आणि बाकीच्या कथेकडे पाठ फिरवणारे प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला मात्र खुर्चीत सरसावून बसतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात उभे राहून टिपले. बापाची बुडीत खाती चाळता चाळता मुलांना त्यात एकच जमेची रक्कम सापडावी, तसा हा प्रकार झाला. ‘रणांगणा’च्या लेखकाच्या हातून हिंदी भुताटकीच्या व्यवसायाचा पाया घातला गेला, ही नोंद मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी आपल्या दप्तरी करून घ्यायला हरकत नाही.

मग 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. बायको आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याला मारून पुरतात आणि पुरलेला नवरा परत येतो, एवढे कथाबीज. मंडळी बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेली, सरकारी विश्रामगृहात उतरली, आणि सात भावांनी आपापसांत खात्यांची वाटणी करून घेतली: कुमार पटकथेला, तुलसी व श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीच्या व्यवस्थेला. घरच्या बायका चुलीवर. जोसेफ मॅसेली नावाच्या अमेरिकन ग्रंथकाराचे छायाचित्रणावरचे पुस्तक समोर ठेवून काश्मीरमधल्या एका हाउसबोटीत या भावांनी धंद्याचे शिक्षण घेतले, असे ते स्वतःच सांगत. एकत्र कुटुंबाची ही अखेरची यशस्वी पेढी असावी असे मला अनेकदा वाटते, आणि तिने उत्पादन केले ते प्रेतांचे. 1984 साली ‘पुराना मंदिर’ आला तेव्हा मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्याने हवेलीचे काम केले, आणि त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत त्याचे नाव लागले. तेव्हाच्या अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकर त्यात होते. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवारही होत्या. सामरी नावाच्या दुष्टाचे मस्तक एका पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेले, अशी ती कथा. आपल्या महसुली मुलखातल्या वाटण्यांच्या दाव्यांशी परिचय असलेल्या माणसाला हा तपशील फार ओळखीचा वाटतो.

हे सर्व चित्रपट आमच्याकडे पोहोचले ते शहरातल्या थिएटरांतून, आणि नंतर जत्रेतल्या तंबूंतून. पैठणची नाथषष्ठी असो की गावोगावच्या यात्रा, ट्रकमधून प्रक्षेपणयंत्र, जनरेटर, पाल आणि पडद्याचे कापड घेऊन फिरणारे हे धंदेवाईक लोक पौराणिक चित्रपट संध्याकाळी लावीत आणि भुताचा रात्री. अशाच एका तंबूत, बायकांच्या बाजूला बसलेल्या एका आजीबाईंनी केलेले समीक्षण माझ्या कानांवर आहे. पडद्यावर कबरीची माती हलत होती, संगीताने आकांत मांडला होता, हात वर आला, मग डोके वर आले, आणि तंबू क्षणभर चिडीचूप झाला असताना आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, “अगं बघ की, तोंड मढ्याचंय अन् मान मातर चांगली धडधाकट हाय!” खरेच होते. रबरी मुखवटा हनुवटीपाशी संपला होता आणि तेथून खाली नटाचा, घामाने निथळणारा, उत्तम प्रकृतीचा गळा सुरू होत होता. “मेल्यावर बी घाम फुटतोय त्याला,” असे शेजारणीने जोडले, आणि त्यानंतर त्या प्रेताने पडद्यावर कितीही खून पाडले तरी तंबूतल्या हशाला खळ पडला नाही. त्यातच दिव्याच्या झोतात एक पाखरू शिरले आणि त्याची प्रचंड सावली नायिकेच्या अंगावरून फिरली. तेवढ्यापुरत्या मात्र दोन-तीन किंकाळ्या खऱ्या निघाल्या.

या चित्रपटांतल्या चुका म्हणजे अज्ञान, असे जे समजले जाते ते मला मान्य नाही. प्रत्येक चुकीच्या मुळाशी कोठे तरी वाचवलेला पैसा आहे, आणि जो हिशेब लावून बघेल त्याला तो सापडतो. कच्ची फिल्म परदेशातून, परवान्यावर आणि परकीय चलन मोजून येत असे. तेव्हा एकच दृश्य पुन्हा घ्यायचे म्हणजे खिशाला कात्री. म्हणून प्रेताची छाती श्वासाने वरखाली होताना दिसली, शवपेटीवर मायक्रोफोनच्या दांड्याची सावली पडली, किंवा दोनशे वर्षांपूर्वीच्या सरदाराच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा वण उठून दिसला, तरी ‘चालेल’ असे म्हणून पुढचे दृश्य मांडले जाई. रात्रीचे चित्रीकरण करायचे तर दिव्यांचा आणि जनरेटरचा खर्च. त्याऐवजी भर दुपारी कॅमेऱ्याला निळी काच लावून प्रकाश कमी घेतला की रात्र झाली. अशा रात्री झाडांच्या सावल्या कापल्यासारख्या स्पष्ट पडतात, आणि कंदील हातात घेतलेली नायिका डोळ्यांवर ऊन येते म्हणून कपाळाला आडवा हात लावून भूत शोधते. ध्वनी मागाहून भरला जाई. त्यामुळे घुबड, कोल्हा आणि किंकाळी या तिघांचे आवाज एकाच पेटीतून निघून चित्रपटामागून चित्रपटांत नोकरी करीत राहिले. पडद्यावर पसरणारे धुके हे बहुधा धुपाचे. वारा उलटा फिरला की प्रेताला खोकला येण्याची भीती.

प्रेतांच्या मंदगतीविषयी तर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. ती मृत्यूच्या अटळपणाचे प्रतीक आहे, असेही म्हणतात. माझा तर्क अधिक व्यावहारिक आहे. त्या काळच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी दोन बारीक भोके असत, त्यांतून नटाला समोरचे धड दिसत नसे, आणि महाबळेश्वरची जमीन खाचखळग्यांची. हात पुढे पसरून, पाऊल चाचपीत चालण्यावाचून त्या बिचाऱ्याला गत्यंतरच नव्हते. आता इतक्या सावकाश येणाऱ्या प्रेताच्या तावडीत धडधाकट नायिका सापडणार कशी? म्हणून तिला सपाट जागीही ठेच लागून पडावे लागे. अनिरुद्ध अगरवाल यांनी, म्हणजे पडद्यावरच्या अजय अगरवाल यांनी ‘सामरी’ साकारला तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली, कारण हा उंचापुरा, रूडकीला शिकलेला स्थापत्य अभियंता असा दिसे की रंगभूषाकाराला थोडक्यातच भागवता यावे. सामरीने म्हणूनच लोकांना खरोखर भिववले. त्या लोकप्रियतेवर 1985 साली ‘सामरी’ नावाचा, चष्मा लावून पाहायचा त्रिमिती चित्रपटही निघाला.

आणि एक विपरीत गोष्ट. या चित्रपटांत हसवण्याची रीतसर तजवीज केलेली असे, ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप यांचे ‘शोले’च्या विडंबनाचे एक स्वतंत्र उपकथानकच आहे, पण हा विनोद सुरू झाला की तंबूतले पुरुष बिडी ओढायला बाहेर पडत, आणि प्रेत उठायची वेळ झाली की हसायला परत येत. निर्मात्याने दोन्ही जिन्नस पुरवले होते, गिऱ्हाइकाने फक्त कप्पे बदलून घेतले.

परदेशातही हाच जमाखर्च चालला होता. अमेरिकेत एड वुड नावाच्या गृहस्थाने 1950 च्या दशकात ‘प्लॅन नाइन फ्रॉम आऊटर स्पेस’ काढला, त्यातल्या थडग्यांवरचे दगड पुठ्ठ्याचे होते आणि कोणाचा पाय लागला की डुलत. त्याचा मुख्य नट बेला लुगोसी 1956 साली वारला, तेव्हा त्याची आधीच घेतलेली थोडीशी दृश्ये चित्रपटात घालून उरलेले काम वुडच्या बायकोच्या हाडवैद्याकडून करून घेतले गेले. हा हाडवैद्य लुगोसीहून उंच आणि चेहऱ्याने अगदीच निराळा, म्हणून तो साऱ्या चित्रपटभर झग्याच्या टोकाने तोंड झाकून वावरतो. नट खरोखर मेला असता त्याला पडद्यावर चालता ठेवण्याची ही खटपट मला कथेतल्या प्रेतांहून किती तरी हृदयस्पर्शी वाटते. 1968 साली पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोने सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. कृष्णधवल चित्रपटात रक्ताचा रंग कोणाला दिसणार, म्हणून त्याने रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबत वापरले. या चित्रपटाची सर्वांत मोठी चूक मात्र पडद्यावर नसून कागदावर झाली: शेवटच्या घटकेला चित्रपटाचे नाव बदलले, नव्या नामफलकावर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली, आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सारा माल बेवारस ठरला. एका कारकुनी विसराने चालत्या प्रेतांची ही कल्पना जगातल्या कोणत्याही फाटक्या खिशाच्या निर्मात्याला फुकट उपलब्ध झाली. पुढे ज्या असंख्य भिकार चित्रपटांवर आपण हसलो, त्यांची सनद ही अशी मिळालेली आहे.

आमच्या मुलखाच्या शेजारी मालेगावी हीच गरिबी दुसऱ्या वाटेने गेली. तेथल्या नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, सायकलवर कॅमेरा बांधून चालती दृश्ये घेतली, बैलगाडीचा क्रेनसारखा उपयोग केला, आणि आपल्या मालाच्या कसाविषयी कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सुरुवातीपासूनच विडंबनाची पाटी लावली. हसू आपल्या हातात ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग खराच. 2022 साली प्रजासत्ताकदिनी प्रदर्शित झालेल्या आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’नेही तोच पत्करला: डोंबिवलीतला पाण्याचा प्रश्न, उंच इमारती आणि पायथ्याची वस्ती, अमेय वाघ आणि ललित प्रभाकर यांची जोडी, आणि मराठीत प्रथमच जथ्याने धावणारी प्रेते. चित्रपट चांगला आहे, रंगभूषा चोख आहे, हशे योग्य त्या जागी येतात. मी तो घरच्या मंडळींबरोबर आनंदाने पाहिला, आणि तरीही मनात असा विचार येऊन गेला की येथे मला शोधायला काही ठेवलेले नाही. जपानी दिग्दर्शक शिनिचिरो उएदा याने 2017 साली सुमारे 30 लाख येनांत केलेला ‘वन कट ऑफ द डेड’ त्याहून धूर्त आहे. त्यात पहिली सदतीस मिनिटे एका सलग दृश्यात एक रद्दी प्रेतपट चालतो, पात्रे मध्येच गप्प होतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. आणि मग उरलेल्या चित्रपटात प्रत्येक चुकीमागची कैफियत, कोण दारू पिऊन आला होता आणि कोणाचे पोट बिघडले होते, क्रमवार मांडली जाते. महाबळेश्वरच्या त्या विश्रामगृहातली कैफियत अशी कोणी मांडली असती तर ती मी त्या काळी तिकीट काढून दोनदा पाहिली असती.

पुढे 1993 पासून रामसे मंडळींनी ‘झी हॉरर शो’ चालवला, भूत घराघरांत आले आणि तंबूतून उठले. तुलसी रामसे 2018 साली गेले, श्याम 2019 साली. त्यांचे चित्रपट आता मोबाइलवर मिळतात, काही तर नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतींतून. यात एक अनपेक्षित घोटाळा झाला आहे. जत्रेपर्यंत पोहोचणारी प्रिंट म्हणजे दहा गावे फिरून ओरखडलेली, फिकटलेली, सांधे लागलेली असे. तिच्यावरच्या त्या उभ्या रेघांच्या पावसाआड मुखवट्याची कड, पोशाखाची चेन आणि वटवाघळाची दोरी बरीचशी लपून जात, आणि भीतीला थोडा फार वाव राहत असे. स्वच्छ प्रतीत हे संरक्षण उरलेले नाही. आमच्या पडेगावातली शाळकरी मुले आता बोटाने चित्र थांबवतात, मोठे करून बघतात, आणि दोनशे वर्षे कबरीत पडलेल्या त्या दुष्टाच्या दाढेत चांदी भरलेली आहे की नाही यावर वाद घालत बसतात.